ठाऊक असून न बोलणे

१९ जून २०११ रोजी अमेरिकेतील एएमसी या वाहिनीवर ‘द किलिंग’ या रहस्यमालिकेच्या पहिल्या पर्वाचा तेरावा आणि अखेरचा भाग दाखविला गेला. सिअ‍ॅटल शहरातील रोझी लार्सन या शाळकरी मुलीचा खून कोणी केला, हा प्रश्न एप्रिलपासून मालिकेच्या जाहिरातफलकांवर झळकत होता. मालिकेचा जणू तो दुसरा मथळाच होता. अखेरचा भाग संपला आणि प्रश्न होता तेथेच राहिला. महापौरपदाचा उमेदवार डॅरेन रिचमंड याला अटक होते. त्याच्याविरुद्धचा निर्णायक पुरावा, म्हणजे पथकर घेणाऱ्या पुलावर टिपलेले गाडीचे छायाचित्र, बनावट असल्याचे तपास-अधिकारी सारा लिंडनला विमानात बसल्यावर कळते. तिचा सहकारी होल्डर कोणा अज्ञाताच्या मोटारीत शिरतो आणि छायाचित्राचा उपयोग झाल्याचे सांगतो. लार्सन कुटुंबाचा निकटवर्ती बेल्को गर्दीतून रिचमंडच्या दिशेने पिस्तूल उगारतो. येथे पर्व संपते.

त्यानंतर प्रेक्षकांचा जो क्षोभ उसळला तो केवळ नापसंतीचा नव्हता. एखादी कलाकृती फसली म्हणजे रसिक निराश होतो. येथे आपण फसविले गेलो, अशी भावना होती. तेरा भाग निष्ठेने मालिका पाहणाऱ्यांनी आणि तिची आरंभी मुक्तकंठाने स्तुती करणाऱ्या समीक्षकांनीही सौंदर्यशास्त्राची परिभाषा सोडून नीतिशास्त्राची परिभाषा उचलली. मालिकेच्या प्रमुख लेखिका वीणा सूद यांचा बचावही त्याच परिभाषेतला होता. पहिल्या पर्वाच्या अखेरीस खुनी सांगू असे वचन आपण कधी दिलेच नव्हते, असा त्याचा आशय. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी पुढे मान्य केले की प्रेक्षकांच्या अपेक्षा नीट हाताळल्या गेल्या नाहीत. ‘अपेक्षा हाताळणे’ हा अर्थात व्यापाराचा शब्दप्रयोग आहे. वादी नीतीची भाषा बोलत होता, प्रतिवादी करारनाम्याची.

अशा क्षोभाकडे गंभीर समीक्षा सहसा ढुंकूनही पाहत नाही. ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न विचारणारा वाचक तिच्या लेखी बाल्यावस्थेतला असतो. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत कथेतील निव्वळ औत्सुक्याला अगदी खालची पायरी दिली. आपल्याकडेही नवकथेनंतर कथानकाची ओढ हे रंजनवादी साहित्याचे लक्षण ठरले आणि रहस्यकथा तर ग्रंथालयाच्या मागल्या कपाटात गेली. जो वाचक उत्तर मागतो त्याला कलेतील संदिग्धता पेलत नाही, असे एक समीकरण त्यातून रूढ झाले. ते सोयीचे आहे, कारण त्यामुळे उत्तर न देणारी प्रत्येक कृती आपोआप प्रगल्भ ठरते. २०११ च्या उन्हाळ्यातही हा युक्तिवाद झाला: आयुष्यात कोठे सगळी उत्तरे मिळतात? प्रश्न रास्त आहे, परंतु तो आयुष्याविषयीचा आहे. आयुष्य आपल्या उत्तरांची जाहिरात करीत नाही.

तेव्हा प्रथम वचनाचाच मुद्दा पाहावा. मी वचन देतो, असे शब्द उच्चारल्याशिवाय वचन घडत नाही, हा समज जे. एल. ऑस्टिन यांच्या वाक्कृतिविचारानंतर टिकण्यासारखा नाही. उक्तीचा संदर्भ, तिचे संकेत आणि ती ज्या प्रघातात उच्चारली जाते तो प्रघात यांतून बांधिलकी निर्माण होते. रहस्यकथेचा प्रघात तर विलक्षण स्पष्ट आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी एस. एस. व्हॅन डाइन यांनी वीस सांगितले होते. दोन्ही याद्या आज काहीशा विनोदी वाटतात. पण साहित्याच्या दुसऱ्या कोणत्याही प्रकाराला वाचकाशी प्रामाणिक कसे वागावे याचे नियम करावेसे वाटले नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’वर १९२६ साली फसवणुकीचा आरोप झाला तेव्हा समर्थकांनी दिलेले उत्तर असे की, एकही वाक्य खोटे नाही, फिरून वाचून पाहा. कृती निर्दोष ठरली ती याच न्यायाने. रहस्यकथेत चकवा क्षम्य आहे. किंबहुना तोच तिचा व्यवसाय. मात्र तो दिलेल्या मर्यादेत व्हायला हवा.

‘द किलिंग’ने ही मर्यादा कशी आखून दिली होती? प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा साधारण एक दिवस, अशी तिची रचना होती. तेरा भाग, तेरा दिवस. ज्या डॅनिश मालिकेवरून ती बेतली होती त्या ‘फोर्ब्रुडेल्सन’मध्येही हीच दिनक्रमाची चौकट होती, २००७ साली ती मालिका वीस भागांत एकच खून आणि त्याचा उलगडा सांगून पुरी झाली. डॅनिश प्रेक्षकांनाही अर्ध्यावर काही महिने थांबावे लागले होते, पण ते थांबणे अर्ध्यावरचे आहे हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकन प्रेक्षक मात्र शेवट पाहण्यासाठी बसला आणि त्याला मध्य दाखविला गेला. वचन शब्दांत दिले नव्हते हे खरे. ते आकृतिबंधाने दिले होते.

इतक्यावर थांबता आले असते तर प्रश्न सोपा होता. वचन दिले, मोडले, प्रेक्षक रागावले. परंतु वचनाची ही उपपत्ती दुसऱ्या एका मालिकेपुढे अडखळते.

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ‘ट्विन पीक्स’ एप्रिल १९९० मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लॉरा पामरचे शव पाण्याकाठी सापडते आणि सारी अमेरिका विचारू लागते: तिला कोणी मारले? २३ मे १९९० रोजी पहिले पर्व संपले. खुनी कळला नाहीच, उलट तपास करणारा कूपर स्वतः गोळी लागून खोलीत कोसळला. तेव्हाही प्रेक्षक चिडले. पुढे निर्मात्यांमध्येच मतभेद झाले, आणि ते नेमके नैतिक स्वरूपाचे होते. रहस्य कधी उलगडूच नये, असे लिंच यांचे मत. प्रेक्षकांचे आपण काही देणे लागतो, असे फ्रॉस्ट यांचे. वाहिनीचा दबाव उत्तराच्या बाजूने होता. १० नोव्हेंबर १९९० रोजी उत्तर दिले गेले: लॉराचा बाप लीलँड, ‘बॉब’ नावाच्या दुष्ट शक्तीने झपाटलेला. ते दृश्य दूरचित्रवाणीच्या इतिहासातील अत्यंत भयंकर दृश्यांपैकी एक आहे, त्यात उत्तर देण्याची कोणतीही टाळाटाळ नाही. म्हणजे वचन पाळले गेले होते. तरीही मालिका हळूहळू ओस पडत गेली आणि जून १९९१ मध्ये बंद झाली. शनिवार रात्रीची गैरसोयीची वेळ हे त्याचे एक कारण होतेच. पण ज्या प्रेक्षकांनी उत्तर मागितले त्यांना उत्तर मिळाल्यावर तेथे थांबण्याचे कारण उरले नाही, हेही खरे. लिंच आयुष्याच्या अखेरपर्यंत (ते जानेवारी २०२५ मध्ये निवर्तले) त्या उलगड्याबद्दल हळहळत राहिले.

एके ठिकाणी उत्तर नाकारले म्हणून विश्वास गेला, दुसरीकडे उत्तर दिले म्हणून ओढ गेली. मग प्रेक्षक मागत होते ते नेमके काय? ‘खुनी कोण’ या माहितीच्या तुकड्याला जर त्यांच्या लेखी एवढेच मोल असते, तर तो कोणाकडूनही, एका ओळीत, कळला तरी चालला असता. तसा तो कळला तर मात्र प्रेक्षक अधिकच संतापतो; रहस्य फोडणाऱ्याला शिव्या घालतो. रोलाँ बार्थ यांनी ‘एस/झेड’ या १९७० च्या ग्रंथात कूटसंकेताचे जे विवेचन केले त्यात प्रश्न मांडणे, चकवा देणे, अर्धे उत्तर, उत्तराला अडसर आणि अखेर उकल असे टप्पे आहेत. सत्य हे प्रतीक्षेच्या टोकाला असते, अशी त्यामागची धारणा. या विवेचनात उकलीला विलंब लावण्याचे सर्व प्रकार सारखेच, तंत्राचे प्रकार म्हणून, येतात. विलंबा-विलंबात नैतिक भेद असू शकतो का, हा प्रश्न बार्थ विचारीत नाहीत. संरचनावादाला तो विचारण्याचे प्रयोजनही नव्हते.

हा भेद आपल्या एका फार जुन्या कथाचक्राने केलेला आहे. वेताळपंचविशीत राजा प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कूटप्रश्न घालतो. त्याची अट प्रसिद्ध आहे. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर मस्तक फुटेल. आणि बोललास तर मौन मोडले म्हणून प्रेत पुन्हा झाडावर. लहानपणी ऐकताना या अटीतला पेच तेवढा जाणवतो. पण अटीचे शब्द नीट पाहावेत. शिक्षा मौनाला नाही, जाणून बाळगलेल्या मौनाला आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील आवृत्तीत हे अधिक स्पष्ट होते: बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी विवाह करतो, त्या दोन जोडप्यांच्या संततीचे परस्परांशी नाते काय, या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्रिविक्रमसेन राजाला खरोखरच सुचत नाही. तो गप्प राहून चालत राहतो. आणि वेताळ प्रसन्न होतो. मस्तक फुटत नाही. उलट कपटी भिक्षूच्या कटाचे रहस्य वेताळ आपण होऊन सांगतो. तेवीस उत्तरांनी जे साधले नाही ते एका खऱ्या निरुत्तरतेने साधते.

मौन दोन प्रकारचे असते, असे ही कथा मानते. एक ज्ञानाची साठेबाजी, दुसरे ज्ञानाची सीमा. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. त्यांना ओळखणे हेच समीक्षेचे काम.

येथे एक आक्षेप येईल. लेखकाला काय ठाऊक होते हे बाहेरच्याने कसे सांगावे? लेखकाच्या हेतूचा शोध समीक्षेने केव्हाच सोडला आहे, आणि मालिकेला तर एक लेखकही नसतो. आक्षेप योग्य आहे, पण तो येथे लागू होत नाही. प्रश्न लेखकाच्या मनाचा नसून संहितेच्या स्वराचा आहे. संहिता जाणत्याच्या स्वरात बोलते की शोधणाऱ्याच्या, हे संहितेतच वाचता येते. ‘द किलिंग’चा कॅमेरा जाणत्याचा होता. होल्डर मोटारीत शिरतो तेव्हा आतल्या माणसाचा चेहरा तो आपल्याला दाखवीत नाही. ही अनिश्चितता जगातली नव्हे. दाखविणाऱ्याने हात पुढे धरून झाकलेली गोष्ट ती.

न्यायासाठी मालिकेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तिच्यात या प्रश्नाची जाण अजिबातच नव्हती असे नाही. पर्वाच्या मध्यावर रोझीचे शिक्षक बेनेट अहमद यांच्यावर संशय जातो. रोझीचा बाप स्टॅन तो संशय म्हणजेच उत्तर मानतो आणि अहमद यांना मरणाच्या दारात पोचेपर्यंत मारतो. ते निर्दोष असतात. उत्तराची घाई कशी हिंस्र असते हे इतक्या थेटपणे थोड्या रहस्यमालिकांनी दाखविले असेल, कारण त्या क्षणी प्रेक्षकही स्टॅनच्या मुठीत होता. आठ भाग त्यालाही कोणीतरी खुनी हवाच होता. या सूत्राच्या उजेडात अखेरचा भाग वाचता येतो. बनावट छायाचित्र म्हणजे बनावट उकल. मालिका जणू सांगते की समाजाला शेवट इतका हवा असतो की तो खोटा तयार केला जातो. हे वाचन बुद्धिमान आहे आणि काही काळ मोहही पाडते.

पण ते टिकत नाही, आणि न टिकण्याचे कारण मालिकेनेच पुरविले. दुसऱ्या पर्वात होल्डर स्वतःच इतरांच्या हातचे बाहुले ठरला. तो भ्रष्ट आहे हा संशय आला तसा विरूनही गेला. खोट्या उकलीविषयी काही म्हणायचे असते तर हा संशय पुढे कशाला तरी लागला असता, होल्डरच्या आणि लिंडनच्या नात्यात त्याची किंमत मोजली गेली असती. तसे फारसे झाले नाही. नऊ महिने प्रेक्षकाला धरून ठेवणे एवढेच त्याचे कार्य होते. बेनेट अहमद यांच्या प्रकरणात विलंबाला अर्थ होता. शेवटच्या दृश्यात विलंबाला केवळ हेतू होता.

या मुद्द्याशी आल्यावर प्रेक्षकांच्या क्षोभात दोन निरनिराळे आवाज ऐकू येऊ लागतात. पहिला ग्राहकाचा: एवढा वेळ दिला, माल मिळाला नाही. त्याची दखल वाहिनीने घेतली. खुनी दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस निश्चित कळेल, असे आगाऊ जाहीर केले. दुसरा आवाज साक्षीदाराचा होता आणि तो अधिक गंभीर आहे. ‘द किलिंग’चे इतर रहस्यमालिकांहून वेगळेपण तपासात नव्हतेच, ते लार्सनांच्या घरात होते. धाकट्या दोन भावांना बहीण गेल्याचे कसे सांगावे, दफनाचा खर्च कसा भागवावा, स्वयंपाकघरात तिच्या जागेचे काय करावे, हे सगळे ती मालिका संथपणे, पावसाच्या करड्या उजेडात, दाखवीत राहिली. प्रेक्षकाला तिने कोडे सोडवायला नव्हे, सुतकात बसायला बोलावले होते. अखेरच्या भागात आई मिच घर सोडून निघून जाते. आणि त्याच भागात तिच्या मुलीचा मृत्यू पुढील पर्वाचे आमिष म्हणून वापरला जातो. शोकघरात बसलेल्याला एकाएकी तिकीट दाखवायला सांगावे, तसे ते झाले.

तेव्हा देणे होते ते प्रेक्षकाचे तर होतेच, परंतु त्याहून आधी ते कल्पितातल्या मृताचे होते. हे विधान भाबडे वाटण्याचा धोका आहे. रोझी लार्सन नावाची मुलगी कधी नव्हतीच. जी नव्हती तिचे देणे कसे असेल? पण ज्या कृतीने तिच्या नसण्याला आठवड्यामागून आठवडे असण्याइतके वजन दिले, त्या कृतीला तरी ही शंका घेता येणार नाही. आपण निर्माण केलेल्या दुःखाचे गांभीर्य मानण्याचे बंधन कृतीवरच पडते. प्रेक्षक ते बंधन लादीत नाही, फक्त त्याची आठवण देतो. म्हणूनच १९९० मधील उकल नैतिक दृष्टीने निर्मळ वाटते, मालिका तिने संपली तरी. बाप खुनी असणे हे कोड्याचे उत्तर राहिलेच नाही. ते लॉराने घरात काय सोसले त्याचे नाव झाले. लिंच यांचे दुःख निर्मात्याचे होते, आणि समजण्याजोगे होते. फ्रॉस्ट यांचे म्हणणे मात्र त्यांना स्वतःला वाटत असेल त्याहून खोल होते.

आणि तरीही लिंच यांनाच शेवटचा शब्द मिळाला. २०१७ साली शोटाइम वाहिनीवर अठरा भागांचे नवे ‘ट्विन पीक्स’ आले. ३ सप्टेंबरला दाखविलेल्या अखेरच्या दोन भागांत कूपर लॉराच्या मृत्यूच्या रात्री मागे जातो आणि तिचा हात धरून तिला अरण्यातून बाहेर काढू पाहतो. पाण्याकाठचे ते शव दृश्यातून विरून जाते. पण लॉराही हातातून सुटते. मग टेक्सासमधील ओडेसा गावात तिच्यासारखी दिसणारी, स्वतःला कॅरी पेज म्हणविणारी एक स्त्री भेटते. कूपर तिला रात्रभर मोटार चालवीत लॉराच्या घरी आणतो. दार उघडणाऱ्या बाईला पामर हे नाव माहीत नाही. रस्त्यावर उभा राहून तो विचारतो, हे कोणते साल आहे? घरातून कोणी हाक मारल्यासारखे ऐकू येते, ती स्त्री किंचाळते, दिवे विझतात.

याही वेळी अनेक प्रेक्षक गोंधळले, काही चिडले. पण फसवणुकीचा आरोप त्या जोराने झाला नाही, आणि याचे श्रेय केवळ लिंच यांच्या कीर्तीला देता येणार नाही. येथे कोणाचा चेहरा झाकलेला नव्हता. लॉराला कोणी मारले ते पंचवीसहून अधिक वर्षे ठाऊक होते. उरलेला प्रश्न असा की, घडलेला अन्याय न घडलेला करता येतो का. आणि त्याचे उत्तर पडद्यामागे कोणाच्याच खिशात नव्हते. तपास करणाराच निरुत्तर होतो, कॅमेरा त्याच्यासोबत रस्त्यावर उभा राहतो. नाट्यशास्त्राने निर्वहण संधीत विखुरलेले अर्थ एका प्रयोजनाकडे आणावेत असे सांगितले, आणि त्याच संधीत अद्भुत रसाची योजना करावी असेही सांगितले. उकल आणि विस्मय यांना भरताने एकमेकांचे वैरी मानले नाही. त्या किंकाळीत विखुरलेले सारे एकत्र येते. ते सुटत नाही एवढेच.

‘द किलिंग’ची उकल १७ जून २०१२ रोजी झाली. त्या भागाचे नाव ‘मला जे ठाऊक आहे’ अशा अर्थाचे होते. रिचमंडचा सहायक जेमी याने रोझीला मारहाण केली होती. पण गाडीच्या मागल्या कप्प्यात डांबलेली ती मुलगी गाडीसह तळ्यात लोटली होती तिच्या मावशीने, टेरीने, आत कोण आहे हे न जाणता. सारे पर्वभर लार्सनांच्या स्वयंपाकघरात वावरणारी, मुलांना जेवू घालणारी तीच. हे उत्तर पहिल्या पर्वातील प्रत्येक घरगुती दृश्याला मागे जाऊन जाळत जाते. ते त्या सुतकाच्या योग्यतेचे उत्तर होते, आणि ते इतके योग्य असणे हाच वर्षापूर्वीच्या लपवणुकीवरचा सर्वांत कठोर आरोप म्हटला पाहिजे. एव्हाना प्रेक्षकसंख्या घटली होती. त्याच जुलैत वाहिनीने मालिका बंद केली. पुढे ती पुनरुज्जीवित झाली आणि २०१३ च्या तिसऱ्या पर्वात खुनाचा उलगडा त्याच पर्वात करण्यात आला. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी लार्सन कुटुंब एकत्र बसून रोझीने स्वतः केलेला एक छोटा चित्रपट पाहते. त्यात ती जिवंत आहे. आदल्या वर्षी १९ जूनच्या रात्री ज्यांनी मालिकेकडे कायमची पाठ फिरविली, त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही.